पहिल्यांदा आरएसएनएला निघालेल्यांसाठी

ऑक्टोबर लागला की मला फोन यायला सुरुवात होते. आमच्या सांगली-मिरज-कोल्हापूर भागातली कुणी तरुण रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा शिकागोला, आरएसएनए या रेडिओलॉजीच्या मोठ्या वार्षिक अधिवेशनाला, निघालेली असते. "मॅडम, व्हिसा आला, तिकीट काढलं. थंडी किती असते हो तिथं?" अशी सुरुवात होते. थर्मल, बूट, जेवण असं सगळं विचारून झालं की अर्ध्या तासानं हळूच खरा प्रश्न येतो, "एवढ्या मोठ्या ठिकाणी जाऊन मी नेमकं करू काय?"

मी तीनदा गेले आहे. २०१४, २०१९ आणि २०२४. सांगलीत माझं सोनोग्राफी आणि सीटीचं सेंटर आहे, मशीन १६ स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत सोळा काप घेणारं. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातून जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल. मी लिहिते आहे ते जिल्ह्याच्या गावात, स्वतःच्या कर्जाच्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी.

रेडिओलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका, म्हणजे आरएसएनए, ही संस्था १९१५ मध्ये 'वेस्टर्न राँटजेन सोसायटी' या नावानं सुरू झाली. तिचं वार्षिक अधिवेशन गेली कित्येक दशकं शिकागोतच, मॅकॉर्मिक प्लेस या संकुलात भरतं. २०२० चं तेवढं ऑनलाइन झालं. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, आणि त्यानंतरच्या रविवारी अधिवेशन सुरू होतं. गुरुवारी संपतं. पस्तीस-चाळीस हजार माणसं येतात.

निघण्याआधी

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने जातात. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे तुमच्या सादरीकरणाचा गोषवारा, स्वीकारलं जाण्याची वाट बघत थांबू नका, अर्ज आधी करून ठेवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीत मला एवढंच विचारलं, कुठं चाललात आणि परत कधी येणार. "सांगलीत माझं सेंटर आहे, पाच दिवसांचं अधिवेशन आहे, सातव्या दिवशी परतीचं तिकीट आहे" हे सरळ सांगितलं की पुरतं. आरएसएनएचं सदस्यत्व असेल तर नोंदणीत चांगली सवलत मिळते, तेव्हा आधी सदस्य व्हा आणि मग नोंदणी करा.

आता सेंटरचं. तुमच्या गैरहजेरीत सोनोग्राफीला बदली डॉक्टर बसवणार असाल तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियमांप्रमाणे त्या बदलाची सूचना समुचित प्राधिकाऱ्याकडं तीस दिवस आधी जावी लागते. तिकिटाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं. मी ते आठ-दहा दिवस सोनोग्राफी बंदच ठेवते, दारावर आठवडाभर आधी पाटी लावते आणि नेहमी पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करते. सीटी सुरू राहतो, त्याचं रिपोर्टिंग माझे एक सहकारी लांबून करतात. त्यांच्यासाठी मी तशीच कामाची परतफेड करते.

आणि एक वही घ्या. साधी, शाळेची, दोनशे पानी. ऑगस्टपासून ती रिपोर्टिंगच्या टेबलावर ठेवा. रोजच्या कामात जिथं जिथं तुम्ही अडलात, जिथं "बघू या, पुन्हा बोलवू या" असं लिहून वेळ मारून नेलीत, ती जागा त्या वहीत लिहा. नोव्हेंबरपर्यंत तीस-चाळीस प्रश्न होतील. त्यातले पाच निवडा. तुम्ही शिकागोला या पाच प्रश्नांसाठी चालला आहात.

हे मला २०१४ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मी सकाळी आठला आत शिरायची, दिसेल त्या व्याख्यानाला बसायची, संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. परत येताना दोन पिशव्या भरून माहितीपत्रकं आणली. सांगलीत आल्यावर माझ्या एकाही रिपोर्टमध्ये काही फरक पडला नाही. त्या खर्चाची आणि त्या दिवसांची हळहळ मला फार दिवस लागून राहिली. २०१९ ला वही घेऊन गेले. पहिल्या पानावरचा प्रश्न होता, पोटदुखीनं आलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा सीटी करताना मी त्याला किरणांचा जो डोस देते आहे, तो कमी कसा करू? त्याचं उत्तर कसं मिळालं ते पुढं सांगते.

कपडे आणि बूट

नोव्हेंबरच्या शेवटी शिकागोत दिवसा चार-पाच अंशांच्या आसपास आणि रात्री शून्याखाली जातं. त्रास आकड्यापेक्षा वाऱ्याचा. मिशिगन सरोवर अगदी शेजारी आहे आणि त्याच्यावरून येणारा वारा स्वेटरच्या विणीतून थेट आत शिरतो. म्हणून एकावर एक स्वेटर चढवून उपयोग नाही. आत थर्मल, मध्ये लोकरीचं काहीतरी, बाहेर वारा अडवणारं लांब जाकीट. कान झाकणारी टोपी, हातमोजे. इमारतींच्या आत मात्र चांगलं ऊबदार असतं, त्यामुळं काढता-घालता येतील असेच थर हवेत. मी माझ्या सादरीकरणाच्या दिवशी साडीच नेसते. आत थर्मल, पायात बूट, वरून लांब कोट, आणि आत गेल्यावर कोट ठेवायच्या खिडकीवर कोट जमा. पाच मिनिटांत होतं. संध्याकाळी पाचला मात्र तिथं मोठी रांग लागते, पंधरा मिनिटं आधी निघा.

बूट नवे नकोत. दोन महिने आधी घ्या आणि रोज घाला. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं.

पहिल्या खेपेला माझी बॅग एक दिवस उशिरा आली. डिसेंबरच्या तोंडावर पातळ कुडत्यात मी विमानतळावर उभी होते. तेव्हापासून जाकीट, एक जोड कपडे, औषधं आणि सादरीकरणाचा पेनड्राइव्ह हातातल्या बॅगेतच.

पोचल्यावर

शुक्रवारी रात्री किंवा फार तर शनिवारी सकाळी पोचा. शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं आहे, म्हणजे घड्याळ जवळजवळ उलटंच होतं. तिथं सकाळचे नऊ तेव्हा घरी रात्रीचे साडेआठ. मुलांशी बोलायला ही वेळ चांगली, दोन्हीकडं जागं असतं. पहिले दोन दिवस पहाटे तीनला डोळे उघडतात. झोपेसाठी झगडू नका, उठून दुसऱ्या दिवसाची व्याख्यानं ॲपमध्ये लावत बसा. दुपारी दोन-तीनला झोप अनावर होते, तेव्हा अंधारात बसून ऐकायचं व्याख्यान ठेवू नका. ती वेळ पोस्टर आणि प्रदर्शनाची, उभं राहायची.

ओहेअर विमानतळावर परदेशी विमानं बहुतेक टर्मिनल ५ ला लागतात. तिथून विमानतळाचीच फुकट छोटी रेल्वे पकडून इतर टर्मिनलकडं जायचं, तिथं खाली ब्लू लाइनचं स्टेशन आहे. ही गाडी चोवीस तास चालते आणि पाऊण तासात शहराच्या मध्यभागात, ज्याला तिथं 'लूप' म्हणतात तिथं, सोडते. टॅक्सीच्या तुलनेत फार थोडे पैसे लागतात. टॅप होणारं क्रेडिट कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. जड बॅगा असतील तर मात्र तुमच्या हॉटेलजवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का ते आधी बघून ठेवा. काही जुन्या स्टेशनांवर नुसते जिने आहेत.

हॉटेल आरएसएनएच्या यादीतलंच घ्या, त्या हॉटेलांपासून अधिवेशनाच्या बस असतात. खोलीच्या दरात कर धरलेला नसतो आणि शिकागोत तो १७ टक्क्यांहून जास्त आहे, हे गृहीत धरूनच हिशोब करा. दोघींनी मिळून एक खोली घेतली तर खर्च निम्मा होतो. संध्याकाळी दिवसभराचं एकमेकींना सांगताना जे पक्कं होतं ते एकटीला होत नाही. बसला उशीर होत असेल तर मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिकची लोकल पकडा. काही मिनिटांत ती थेट मॅकॉर्मिकच्या खालीच उतरवते. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेवढं फलकावर बघून चढा.

मॅकॉर्मिक प्लेस

आकार आधी समजून घ्या, नाहीतर पहिला दिवस भांबावण्यात जातो. नॉर्थ, साउथ, वेस्ट आणि लेकसाइड अशा चार इमारती. नुसती प्रदर्शनाची जागा २६ लाख चौरस फूट, म्हणजे साठ एकरांच्या आसपास. आपल्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांची जमीन याच्या दहाव्या हिश्श्याचीही नसते, आणि हे सगळं छताखाली. लेकसाइडला जाताना सरोवराकाठच्या मोठ्या रस्त्यावरून बांधलेला बंद पूल ओलांडावा लागतो. वेस्टपासून लेकसाइडपर्यंत चालायला मला पंधरा मिनिटं लागतात. लागोपाठच्या दोन व्याख्यानांच्या इमारती वेगळ्या असतील तर त्यातलं एक सोडा.

शनिवारी दुपारी बॅज घ्यायला जा आणि तेव्हाच, गर्दी नसताना, सगळं एकदा चालून बघा. कुठल्या जिन्यानं कुठं निघतो, पाणी कुठं, स्वच्छतागृह कुठं, बसायला शांत जागा कुठं. नळाचं पाणी निर्धास्त प्या, ते सरोवराचं असतं. हे पाणी स्वच्छ राहावं, शहराचं सांडपाणी त्यात जाऊ नये, म्हणून या लोकांनी १९०० मध्ये कालवा खणून शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. कृष्णेच्या काठावर वाढलेल्या मला ही गोष्ट ऐकल्यापासून ती नदी ओलांडताना दरवेळी क्षणभर थांबावंसं वाटतं.

लेकसाइड इमारतीच्या सरोवराकडच्या प्रचंड काचांवर २०२४ ला मला बारीक ठिपके दिसले. चौकशी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळजवळ हजार स्थलांतर करणारे पक्षी त्या काचांवर आपटून मेले होते. मग पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या काचांवर ही ठिपक्यांची फिल्म लावली आणि पक्षी आपटणं एकदम कमी झालं. मला त्या ठिपक्यांसमोर उभं राहून बरं वाटलं. व्याख्यानांच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली तर तिथं जाऊन बसा, समोर क्षितिजापर्यंत पाणी आहे.

व्याख्यानं निवडताना नवल वाटणाऱ्या विषयांपेक्षा वहीतल्या विषयांना पहिली जागा द्या. बाकीची नोंदणीच्या प्रकाराप्रमाणे नंतर ऑनलाइनही बघता येतात, तेव्हा "हे चुकलं, ते चुकलं" म्हणून जीव टाकू नका. दोन गोष्टी मात्र चुकवू नका. एक, 'केसेस ऑफ द डे'. रोज वेगवेगळ्या विभागांतल्या केसेस लावलेल्या असतात, आपण निदान द्यायचं, उत्तर नंतर कळतं. दुसरी, इमेज इंटरप्रिटेशन सेशन, जे परंपरेनं रविवारी असतं. नावाजलेले तज्ज्ञ हजारो लोकांसमोर अनोळखी केस वाचतात. निदानापेक्षा ते विचार कसा करतात, "मला इथं खात्री नाही" हे किती मोकळेपणानं म्हणतात, ते ऐकण्यासारखं आहे. मी ते ऐकून आल्यापासून माझ्या रिपोर्टमधली भाषा बदलली.

पोस्टरपुढं उभं राहा

मुलांच्या डोसचं उत्तर मला व्याख्यानात मिळालं नाही. मंगळवारी दुपारी लहान मुलांच्या सीटीवरच्या एका पोस्टरपुढं मी उभी होते. शेजारी एक मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या मात्रेचं शास्त्र बघणाऱ्या तज्ज्ञ, होत्या, साठीच्या. मी वही उघडून सरळ विचारलं, माझं मशीन १६ स्लाइसचं, मी असं असं करते, यात काय चुकतं? त्यांनी पर्स खाली ठेवली आणि चाळीस मिनिटं माझ्याशी बोलल्या. मुलाला साधा आणि कॉन्ट्रास्टचं औषध देऊन असे दोन्ही स्कॅन कशाला? बहुतेक वेळा एकच फेज, म्हणजे एकदाच केलेला स्कॅन, पुरते. क्ष-किरणांच्या ट्यूबला १२० किलोव्होल्ट हे मोठ्या माणसाचं झालं. मुलाच्या अंगकाठीप्रमाणे १०० किंवा ८० वर आणा, चित्रात थोडे दाणे दिसतील, ते दिसू देत, निदानाला अडत नसेल तर सुंदर चित्राचा हट्ट सोडा. स्कॅनची लांबी गरजेपुरतीच ठेवा. यातलं काहीही नव्या मशीनवर अवलंबून नव्हतं. सगळं माझ्या १६ स्लाइसवर, दुसऱ्या दिवसापासून, बिनखर्चात करता येण्यासारखं होतं.

म्हणून सांगते, लाजू नका. आपल्याला वाटतं की यांच्यापुढं आपलं मशीन काय, आपलं इंग्रजी काय. पण "मी भारतातल्या एका जिल्ह्याच्या गावात एकटी काम करते, दिवसाला एवढे पेशंट बघते" एवढं सांगितलं की समोरचा माणूस थांबतो. मणक्याचा टीबी, मेंदूतला सिस्टिसर्कोसिस, हायडॅटिड असे पट्टकृमींचे आजार हे आपल्या रोजच्या कामात येतं. तिथल्या कित्येक तरुण डॉक्टरांनी ते पुस्तकातच पाहिलेलं असतं. माझ्या मोबाइलमधल्या मणक्याच्या टीबीच्या तीन केसेस बघायला २०२४ मध्ये एका पोस्टरपाशी सहा-सात रेसिडेंट जमले होते. अशा केसेस नेताना पेशंटचं नाव, वय, हॉस्पिटलचा क्रमांक सगळं चित्रावरून काढलेलं आहे ना, हे घरूनच दोनदा तपासा. व्हिजिटिंग कार्डं शंभर न्या. मिळालेल्या कार्डाच्या मागं त्याच रात्री दोन शब्द लिहा, कोण, कशाबद्दल बोललो. नाहीतर परत आल्यावर ती नुसती नावं उरतात.

प्रदर्शन

यंत्रांचं प्रदर्शन रविवार ते बुधवारच असतं. "गुरुवारी निवांत बघू" म्हणणाऱ्यांना बंद दारं दिसतात. बघण्यासारखं खूप आहे. फोटॉन मोजणारा सीटी, ज्याला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, अवघ्या सात लिटर हेलियमवर चालणारा एमआरआय, एआयची तर वेगळी पेठच. जरूर बघा. पण यंत्र घ्यायचा विचार असेल तर चित्रांच्या आधी हे विचारा: तुमचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात बसतो की मुंबईत, सांगलीला किती तासांत पोचेल? ट्यूबची हमी किती स्कॅन-सेकंदांची आणि ती संपल्यावर नवी केवढ्याला? एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, काय येतं, सुट्या भागांसकटच्या सीएमसीत काय? वीज खालीवर होते तिथं हे मशीन काय करतं? हेलियम पुन्हा भरायची वेळ आली तर खर्च कोणाचा? माझ्या ओळखीच्या दोन सेंटरांचं कंबरडं मशीनच्या किमतीपेक्षा या मागून आलेल्या खर्चांनी मोडलं. बूथवर भारतातले लोक भेटतात, त्यांना हे सगळे प्रश्न समजतात.

आता एक कळकळीची सूचना. तिथं मोबाइलला जोडायचे, मुठीत मावणारे अल्ट्रासाउंड प्रोब सगळीकडं दिसतील. किंमतही मोहात पाडणारी असते. बॅगेत टाकून आणायचा विचार मनातही आणू नका. पीसीपीएनडीटी कायद्याखाली आपल्याकडं कुठलंही सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्राच्या नावावर, प्राधिकाऱ्याला कळवूनच येऊ शकतं. हातातला प्रोबही यंत्रच. गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या एफ फॉर्ममधल्या चुकीसाठी आपले लोक वर्षानुवर्षं कोर्टात खेपा घालतात, आणि हा कायदा कशासाठी आला ते आपण महाराष्ट्रात जवळून पाहिलं आहे. त्याचा मान राखा.

पोट

मॅकॉर्मिकमध्ये बारा ते दीड या वेळेत खाण्याच्या प्रत्येक ठिकाणी रांग असते. सव्वाअकराला जेवून घ्या. शाकाहारी असाल तर मेक्सिकन दुकानं सगळ्यात सोयीची: भात, काळा राजमा, भाज्या, साल्सा, आपल्या जिभेला जवळचं. 'व्हेज' म्हटलं की अंडं चालतं असं धरतात, आणि सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, नीट विचारा. बिलावर कर वेगळा आणि बसून जेवलात तर १८-२० टक्के टिप वेगळी.

घरून भाजक्या पोह्यांचा चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी न्या. फळं, बिया आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. विमानतळावर विचारलं की "खाण्याचे पदार्थ आहेत" असं स्पष्ट सांगा. सांगितल्यानं बॅग उघडून बघतात आणि सोडतात, लपवल्यानं दंड होतो. एक संध्याकाळ डेव्हन ॲव्हेन्यूला जा. रेड लाइननं लोयोला स्टेशन, तिथून १५५ नंबरची बस. १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान याच रस्त्यावर निघालं. चौथ्या दिवशी गरम वरणभातासारखं काही समोर आलं की माणूस पुन्हा माणसात येतो. नातेवाईक-ओळखीचे शोधत असाल तर शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं आहे, त्यांच्यामार्फत कुणी ना कुणी निघतंच.

शहरासाठी एक दुपार

निदान एक अर्धा दिवस अधिवेशनातून बाहेर पडा. मी पूर्वी याला चोरी समजत असे. आता बुधवारी दुपारनंतर किंवा गुरुवारी मी निघतेच.

मिलेनियम पार्कमधली ती आरशासारखी 'क्लाउड गेट' सगळे बघतात, तुम्हीही बघा. ती घडवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मले. तिथून चालत पाच मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ते याच इमारतीत, आणि समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलेली पाटी आहे. आतल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर २०१० मध्ये मुंबईच्या जितिश कल्लाट यांनी ते संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत उभं केलं होतं. संग्रहालय आठवड्यात काही दिवस बंद असतं, वार बघून जा. विलिस टॉवरच्या १०३ व्या मजल्यावर चढणार असाल तर त्याची रचना करणारे अभियंता फझलूर रहमान खान ढाक्याचे, हे आठवणीत असू द्या.

पण रेडिओलॉजिस्टनं शिकागोत जिथं जायलाच हवं, त्या जागा वेगळ्या आहेत आणि तिथं आपल्यातलं फार कमी कुणी जातं.

पहिली हाइड पार्कमध्ये. मॅकॉर्मिकखालच्या त्याच मेट्रा इलेक्ट्रिकनं दक्षिणेकडं निघायचं, शिकागो विद्यापीठाजवळच्या स्टेशनवर उतरायचं आणि वीसेक मिनिटं पश्चिमेला एलिस ॲव्हेन्यूपर्यंत चालायचं. २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली, स्क्वॉश खेळायच्या जागेत, ग्राफाइट आणि युरेनियम रचून अणुविखंडनाची पहिली नियंत्रित साखळी अभिक्रिया घडवली. आज तिथं हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे, १९६७ मध्ये बसवलेलं. एका बाजूनं ते कवटीसारखं दिसतं, दुसऱ्या बाजूनं एखाद्या देवळाच्या घुमटासारखं. अधिवेशनाच्या आठवड्यात बहुतेक वर्षी २ डिसेंबर येतोच. २०१९ ला तो सोमवार होता, मी दुपारी गेले, शिल्पापाशी चिटपाखरूही नव्हतं. बॉम्बही इथूनच निघाला आणि आपण न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये वापरतो ती कितीतरी समस्थानिकंही अणुभट्ट्यांतूनच येतात. मी तिथं बराच वेळ उभी होते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी आयुष्यभर शिकवलं ते हेच विद्यापीठ.

दुसरी जागा उत्तरेला, सरोवराकाठच्या रस्त्यावर, इंटरनॅशनल म्युझियम ऑफ सर्जिकल सायन्स. जुन्या हवेलीत आहे, तिथं क्ष-किरणांचं दालन आहे. शिकागोचे एमिल ग्रूबे १८९६ पासून क्ष-किरणांनी उपचार केल्याचं सांगत. त्यांच्या पहिलेपणाच्या दाव्यावर इतिहासकारांत वाद आहे, पण किरणांनी त्यांचं शरीर पोखरलं यावर नाही. त्यांचा डावा हात कापावा लागला, पुढं शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. राँटजेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण पाहिले आणि काही महिन्यांत माणसं त्यांत हात घालून बसली होती. ती जुनी, उघडी, काचेची ट्यूब बघून मी बाहेर आले तेव्हा माझ्या वहीतला तो सहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढून हलेना.

परतीच्या विमानात

झोपण्याआधी वही काढा. पाचही प्रश्नांपुढं उत्तर लिहा, आपल्या भाषेत, आपल्या तंत्रज्ञाला समजेल असं. ज्याचं उत्तर मिळालं नाही तिथं कोणाला मेल करायचं ते लिहा, आणि घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तो मेल टाका. ओळख ताजी असते तोवर उत्तर येतं.

२०१९ ला मी वहीचं ते एक पान फाडलं आणि आमच्या तंत्रज्ञाच्या हातात दिलं. वजनाप्रमाणे किलोव्होल्ट, एकच फेज, कुठून कुठपर्यंत स्कॅन, एवढंच त्यावर होतं. त्यानं ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून कन्सोलच्या वर चिकटवलं. अजून तिथंच आहे. २०२४ ला आणलेलं दुसरं पान त्याच्या खाली लागलं आहे.